शंभरावर अडलेला आकडा

तिने बंद पडलेल्या बोर्डाला लॅपटॉपची केबल जोडली आणि मरण्याआधी तो काय बोलून गेला, ते वाचायला सुरुवात केली.

बोर्ड होता पत्त्यांच्या जोडाएवढा. त्यावर मोबाइलची सिस्टीम चालायची, पडद्यासकट, फोन लावायच्या सोयीसकट. फक्त तो कुणाच्या खिशात जायचा नव्हता. तो एका डब्यात बसवून आजाऱ्याच्या खोलीत, ऑक्सिजनच्या मशीनशेजारी भिंतीवर टांगायचा होता. सकाळी नऊच्या सुमारास कुणीतरी पाणी तापवायच्या किटलीसाठी त्याचा प्लग काढला आणि परत लावायचे विसरले. ऑफिसात हे रोजचेच होते. किटलीपुढे तिथे कुणाचे काही चालत नसे. खरे तर त्याने काही बिघडायला नको होते. नव्या मॉडेलला सुटकेसएवढी बॅटरी होती. लाइट गेली की मशीन आणि बोर्ड दोन्ही तिच्यावर चालणार, बॅटरी वीस टक्क्यांवर आली की बोर्ड बोंब ठोकणार, घरच्यांना फोन करून सिलिंडर लावायला सांगणार. टेबलावर मशीनऐवजी तेवढीच वीज खाणारा एक भलामोठा बल्ब जोडला होता. साडेबाराला तो बल्ब गपकन विझला, तेव्हा तिने मान वर केली. ती सकाळपासून त्याच टेबलाशी बसून होती आणि बोर्डाने चूं म्हणून केले नव्हते.

नोंदी मिनिटामिनिटाच्या होत्या. बारा सत्तावीस, बॅटरी शंभर टक्के. बारा अठ्ठावीस, बॅटरी शंभर टक्के. बारा एकोणतीस, बॅटरी शंभर टक्के. त्यानंतर काहीच नाही.

तिने शेवटची ओळ तीनदा वाचली. ते शंभर तिच्या ओळखीचे होते. ते तिनेच लिहिले होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या मॉडेलला बॅटरी नव्हतीच, ते भिंतीतल्या विजेवर जगायचे. आणि मोबाइलच्या सिस्टीमची एक खोड असते. जागी झाल्या झाल्या ती विचारते, बॅटरी किती? बॅटरी नाही म्हटले की ती त्याचा अर्थ शून्य असा घेते, आणि शून्य म्हटल्यावर गुणी मुलासारखी स्वतःच झोपी जाते. आठवडाभर डोके आपटून झाल्यावर तिने शेवटी या धंद्यातले बहुतेक लोक करतात तेच केले. एक ओळ लिहिली. कुणीही, कधीही विचारले तरी उत्तर एकच: शंभर टक्के, चार्जिंग चालू. बोर्ड सुतासारखा सरळ आला. त्या ओळीपुढे तिने 'तात्पुरते' असा शेराही लिहून ठेवला होता, म्हणजे पुढे कुणी हसायला नको.

पुढे हार्डवेअरवाल्याने खरी बॅटरी जोडली. त्याला वाटले, आकड्याचे ती बघेल. तिला वाटले, बॅटरी येतेय तर आकडाही तिच्याबरोबर येईल. टेस्टिंगवालीने प्लग काढून पंधरा मिनिटे वाट पाहिली. आकडा शंभरावरून तसूभर हलला नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून हार्डवेअरवाल्याची पाठ थोपटली. काय बॅटरी आहे! बोंब ठोकायची चाचणीही रीतसर झाली होती, पण त्यासाठी पंधराचा आकडा टेस्टिंगवालीने हाताने भरला होता. बोर्ड मस्त बोंबलला. त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता, आणि सगळ्यांत जास्त तिला.

नऊ ते साडेबारा. म्हणजे साडेतीन तास.

मग तिला सकाळचा आत्याचा फोन आठवला.

"आज दहा ते चार लाइट नाहीये गं. खाली नोटीस लावलीय. भिंतीवर तुझा डबा आहे म्हणा, मला काय काळजी!"

दहा आणि साडेतीन, म्हणजे दीड. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिला आत्याने वाढवले, आणि आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आत्याची फुफ्फुसे निकामी व्हायला लागल्यावर कंपनीच्या नव्या मॉडेलचा पहिला डबा तिने हट्टाने आत्याच्या भिंतीवर बसवला होता, स्वतःच्या हाताने, चार स्क्रू पिळून. घरचे माणूस म्हणून पहिला नंबर लावला, याचा तिला अभिमान होता. आता तेच चार स्क्रू तिला आठवले.

तिने आत्याचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. एंगेज येणारच होता. तीस वर्षे कानाशी घंटा वाजवून घेतलेली ही बाई दुपारी साडेबारा ते तीन रिसीव्हर खाली काढून ठेवून झोपायची, आणि त्या वेळात जग बुडाले तरी नंतर बुडा म्हणायची. मोबाइल तिने कधी घेतलाच नाही. भिंतीवरच्या डब्यावर फोन लावला, तर तो लागेना. घरातले इंटरनेट लाइटबरोबर गेलेले होते.

कंपनीच्या मोठ्या पडद्यावर मात्र सगळे आलबेल होते. त्या भागातले एकोणीस डबे हिरवेगार दिसत होते. प्रत्येकापुढे पेशंटचे नाव, पत्ता, फोन नंबर, बॅटरी शंभर, आणि बाजूला बारीक अक्षरात शेवटचा निरोप आल्याची वेळ: दहा वाजून शून्य मिनिटे. म्हणजे दहानंतर त्यांच्याकडून कुणाला काहीच कळलेले नव्हते आणि पडदा दहा वाजताचा हिरवा रंग अजून दाखवत बसला होता. तिने मोबाइलवर त्या यादीचा फोटो काढला. का काढला, ते तिला सांगता आले नसते. बॅग उचलली आणि ती धावत सुटली.

टॅक्सीत बसल्यावर तिने साहेबांना फोन केला. बोलताना शब्द एकमेकांत अडकत होते.

"एका बोर्डावरून तू हे सांगतेयस?" साहेब म्हणाले.

"हो, पण ती ओळ सगळ्यांतच आहे."

"तू तपासलंस?"

"मीच लिहिलीय, साहेब."



"हे बघ, आधी नीट खात्री करून घे. संध्याकाळी बसू सगळे. तोवर कुणाकडे काही बोलू नकोस. पेशंट लोक असतात, उगाच घबराट व्हायची. आणि तुझ्याही दृष्टीनं ते बरं नाही."

"बरं," ती म्हणाली.

खरे सांगायचे तर तिला हायसे वाटले. कुणीतरी 'बोलू नकोस' म्हणून सांगितले, आता निदान तेवढे तरी आपल्या हातात नाही. त्या हायसे वाटण्याची लाज तिला नंतर वाटली. टॅक्सीत ती फक्त आत्याचा विचार करत होती. आत्या डाव्या कुशीवर झोपते. मशीन थांबले तर घरघर थांबेल, पण झोपलेल्या माणसाला शांततेने जाग येत नाही, उलट झोप आणखी गाढ लागते. डॉक्टरांनीच एकदा सांगितले होते, ऑक्सिजन हळूहळू कमी होत गेला तर माणसाला गुदमरल्यासारखे होतेच असे नाही, नुसती गुंगी येते. हे वाक्य तेव्हा तिने वहीत लिहून घेतले होते, बोंब ठोकायचा आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवण्यासाठी.

लाइट नसलेला भाग लागला तसा रस्ता तुंबला. सिग्नल बंद होते, चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर आल्या होत्या आणि टॅक्सीवाला स्टिअरिंगवर बोटे वाजवत बसला होता. एक वाजून पाच. एक वाजून बारा. तिने पैसे त्याच्या हातावर टेकवले आणि उरलेले अंतर पळत काढले.

लिफ्ट बंद. चौथा मजला. दुसऱ्या जिन्यावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तिने दोन्ही चपला तिथेच टाकल्या. वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. किल्ली कुलपात जाईना. दुसरा हात मनगटावर धरून ती घालावी लागली. दार उघडले आणि ती उंबऱ्यातच थबकली.

मशीनची घरघर नव्हती.

या घरात ती घरघर चोवीस तास असायची. पाहुणे आले की पहिल्यांदा तीच लक्षात यायची. आता स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब पडलेला ऐकू येत होता. बेडरूमचे दार अर्धे लोटलेले होते आणि तिला ते ढकलवेना. 

"दार मोडशील. किती धाडधाड."

आवाज बाल्कनीतून आला. आत्या तिथे वेताच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र, शब्दकोड्याचे पान, कानावर पेन्सिल. नाकातली नळी खुर्चीमागे उभ्या केलेल्या छोट्या सिलिंडरला जोडलेली होती.

ती खाली बसली.  आत्याच्या मांडीत तोंड खुपसून ती लहान मुलीसारखी रडली, आणि शब्दकोड्याची शाई तिच्या गालाला लागली. आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिला एका दमात तीन-चार शब्दच बोलता यायचे, म्हणून ती फारशी घाई करत नसे.

"चपला कुठायत तुझ्या?"

"जिन्यात. आत्या, तू झोपली नाहीस?"

"लाइट गेल्यावर पाहिलं. शंभर." आत्याने दम घेतला. "अर्ध्या तासानं पाहिलं. शंभर. अकराला पाहिलं. परत शंभर. मग उठले... आणि मशीन बंद करून हे लावलं."

"का?"

"का म्हणजे? आमच्याकडे एक्स्चेंजच्या बोर्डावर... शेकड्यानं दिवे असायचे. लागणारे, विझणारे. जो दिवा कधी विझतच नाही, त्याची लाइन... सगळ्यात आधी तपासायची. बहुतेक वेळा ती मेलेली असायची." तिने पुन्हा दम घेतला. "तुला लहानपणी सांगितलंय हे. पण तुझ्यासारख्या खटपटीला... रेडिओ उघडण्यापुढे ऐकायला वेळ कुठे?"

"मला फोन तरी करायचास!"

"तुझ्या ह्या भिंतीवरच्या पोराला नावं ठेवायची... तर समोर बसवून ठेवावीत. कामावर फोन करून काय? रात्री येणारच होतीस."

तिला हसू आले आणि पुन्हा रडू आले. आत्याने तिला पाणी प्यायला लावले. पाणी पिताना तिने खोलीतल्या भिंतीकडे पाहिले. मशीन बंद असल्याने बॅटरीवर एकट्या पडद्याचाच भार होता, त्यामुळे तो अजून लखलखीत होता. शंभर. घड्याळात एक वाजून एकवीस मिनिटे झाली होती.

आत्या तिच्याकडे बघत होती.

"असे किती डबे आहेत?"

"नवे एकशे साठ."

"ह्या लाइट गेलेल्या भागात?"

तिने ग्लास खाली ठेवला. "एकोणीस. तुझ्यासकट."

"कळवलंस त्यांना?"

"साहेबांना कळवलं. ते म्हणाले, संध्याकाळी बसू. तोवर कुणाला बोलायचं नाही."

"हं," आत्या म्हणाली. तेवढेच. पण ती कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरून राहिली, आणि ती पेन्सिल घेतल्याशिवाय सुटका नाही हे तिला आत्याच्या घरात वाढल्यामुळे चांगले माहीत होते.

मोबाइलमध्ये नऊ टक्के चार्जिंग उरले होते. हा आकडा मात्र खरा होता. तिने यादीचा फोटो उघडला आणि अठरा नावे, अठरा नंबर, अठरा पत्ते शब्दकोड्याच्या कडेने कोऱ्या जागेत उतरवून घेतले. शेवटचा पत्ता लिहून होतोय तोच मोबाइल बंद पडला. आत्याने रिसीव्हर परत फोनवर ठेवला, फोन मांडीवर घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही आले की तिचे वय वीस वर्षांनी कमी झाले.

"नंबर सांग."

ती सांगत गेली. आत्याने फोन लावला.

"नमस्कार. एक्स्चेंजमधून बोलतेय." हा आवाज वेगळाच होता, गुळगुळीत, सरकारी, दम लागलेला असूनही घाई नसलेला. "तुमच्याकडे लाइट गेलीय ना? ऑक्सिजनचं मशीन आहे. त्याच्या आकड्यावर जाऊ नका. सिलिंडर लावा."

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. तो इतका खणखणीत होता की तिला बसल्या जागी ऐकू आला.

"अहो, शंभर टक्के दाखवतंय. काही काळजी नाही. आणि कंपनीनं बजावून सांगितलंय, पडदा सांगेपर्यंत सिलिंडर उघडायचा नाही, वाया जातो. तुम्ही कोण म्हणालात?"

ही सूचना कंपनीच्या पुस्तिकेत सातव्या पानावर होती. तीही तिनेच लिहिली होती.

आत्याने तोंडावर हात ठेवला नाही, डोळे वटारले नाहीत. तिने फक्त रिसीव्हर तिच्यासमोर धरला.

ती मागे सरकली. साहेबांचे शब्द कानात होते. नोकरी जाईल, हे तर नक्कीच. पण तिला खरी भीती वाटत होती ती दुसरीच. एकदा हे वाक्य तोंडातून बाहेर पडले की ते खरे होणार होते. रिसीव्हरमधून 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होते. आत्याचा हात थरथरायला लागला होता, कारण फोन धरून ठेवायचीही तिच्यात फारशी ताकद नव्हती.

तिने रिसीव्हर घेतला.

"मी कंपनीतून बोलतेय. तो बॅटरीचा आकडा खोटा आहे. तो कायम शंभरच दाखवतो. बॅटरी संपली तरी."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"तो मीच लिहिलाय."



"नाव काय तुमचं?"

तिने नाव सांगितले.

"हे मी रेकॉर्ड करतोय, बाई."

"करा. पण आधी सिलिंडर लावा. दीड वाजत आलाय. मी फोनवर थांबते."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, पावले, कुणाला तरी दिलेली हाक, सिलिंडरची फुस्स. तिने नावापुढे खूण करायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात आत्याने तिचे मनगट धरले.

"पेशंटचा आवाज ऐकलास?"

"नाही."

"आवाज ऐकल्याशिवाय खूण करायची नाही. आणि एकदा नाही. दोनदा. पहिलं हॅलो... शेजारच्या लाइनीवरचंही असू शकतं. दोनदा बोलवून घ्यायचं."

मग तसेच करत गेले. नंबर आत्या फिरवायची, बोलायची ती. पाचव्या घरी तिला शिव्या मिळाल्या, सातव्या घरी एका आजोबांनी आशीर्वाद दिला, आणि दोन्हींनी तिला सारखेच कसेसे झाले. आठव्याला कुणी उचलले नाही, दहा मिनिटांनी पुन्हा लावल्यावर उचलले. 'तो मीच लिहिलाय' हे वाक्य दर वेळी तितकेच जड जात होते. सवय होईल असे तिला वाटले होते, पण तसे झाले नाही.

अकराव्या घरी सुनेने फोन घेतला.

"बाबा झोपलेत. छान शांत झोपलेत. कित्येक दिवसांनी इतकी शांत झोप लागलीय, नाहीतर त्या मशीनच्या आवाजानं—"

"आवाज येत नाहीये?" तिने विचारले. "मशीनचा?"

 मग रिसीव्हर कुठेतरी आदळला. त्या दोघी एकाच रिसीव्हरला कान लावून बसल्या, डोक्याला डोके टेकून. पलीकडून धावणारी पावले ऐकू आली. "बाबा." मग मोठ्याने, "बाबा!" मग काहीतरी पडले, धातूचे. सून रडत होती की सिलिंडरची चकती फिरेना म्हणून कण्हत होती, ते कळत नव्हते. आत्याने तिचा हात इतका घट्ट धरला की नखे रुतली. 

किती वेळ गेला कोण जाणे. सून फोनवर आली.

"ओठ... ओठ निळे झाले होते हो. लावलंय आता. डोळे उघडलेत."

"बोलू दे त्यांना," आत्या तिच्या खांद्यावरून म्हणाली. "मला ऐकू दे."

खरखर झाली. मग एक ओला, खोल गेलेला आवाज आला. "काय कटकट आहे?"

"परत एकदा, बाबा," ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होते. "परत एकदा बोला ना."

"कटकट!" म्हातारा म्हणाला.

तिने खूण केली. कागद फाटला, इतका जोर लागला.

दोन वाजेपर्यंत सतरा खुणा झाल्या. एक नंबर राहिला होता आणि तो सारखा एंगेज येत होता. तीनदा, चारदा, सहादा. यादीत त्या नावापुढे शेरा होता: एकट्या राहतात.

"रिसीव्हर काढून ठेवला असेल," ती म्हणाली. "तुझ्यासारखा."

"असेल. नाहीतर..." आत्याने पुढचे वाक्य पुरे केले नाही. दम लागला म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, ते तिने विचारले नाही. "पत्ता आहे?"

"दोन गल्ल्या पलीकडे."

"मग बसलीस काय? माझ्या चपला घाल."

आत्याच्या चपला दोन बोटे लहान होत्या. त्या फटफटत ती जिना उतरली, रस्ता ओलांडला, पहिली गल्ली, दुसरी गल्ली. उन्हात दुकाने अर्धी मिटलेली होती, दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत बाहेर बसले होते. तिला विचारावेसे वाटले, या घरातल्या बाई आज दिसल्या का, पण कुणी 'नाही' म्हणाले तर, या भीतीने तिने विचारले नाही. तळमजल्याचे दार होते. रंग उडालेले, बाहेर एकच कुंडी, माती वाळलेली. सव्वादोन झाले होते.

तिने घंटीचे बटण दाबले. मग आठवले, लाइट नाही. तिने दार ठोठावले. थांबली. पुन्हा ठोठावले, मुठीने. आतून काही उत्तर नाही. तिने दाराला कान लावला. लाकूड उन्हाने तापलेले होते. आत मशीनची घरघर नव्हती. एखादे रिकामे भांडे कानाला लावावे तसे काहीतरी ऐकू येत होते, आणि ते तिच्याच कानातले रक्त होते. तिने मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत मोजायचे आणि शेजाऱ्यांना बोलावून दार फोडायचे. अकरा. बारा. तेरा.

आत काहीतरी सरकले. किंवा सरकल्यासारखे वाटले.

"कोण आहे?"

आवाज बारीक होता, धापेने तुटलेला, झोपमोड झाल्यासारखा वैतागलेला. तिचे तोंड उघडेच होते. नाव, कंपनी, तो आकडा, सिलिंडर कोपऱ्यात आहे तो लावा, सगळे ओठांवर तयार होते. ती काही बोलली नाही. तापल्या दाराला कान लावून, हातातल्या कागदाची घडी उलगडून ती तशीच उभी राहिली.

"अगं बाई, कोण आहे म्हणते मी!"

तिने अठराव्या नावापुढे खूण केली, आणि मग आपण कोण ते सांगितले.